आत्याबाईंना बाहेर नेण्याआधी

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला आणि त्यांच्या सोबतीला येणाऱ्या मावशींना घेऊन कोल्हापुरात अर्धा दिवस बाहेर पडायचे असेल, तर सर्वप्रथम ठिकाण एकच ठरवावे. रंकाळा, न्यू पॅलेस आणि येताना अंबाबाईचे दर्शन हा पाहुण्यांना फिरवण्याचा बेत येथे कामाचा नाही. कारण दर ठिकाणी गाडीतून खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा गाडीत बसवण्यातच आमच्या आत्याबाईंसारखे माणूस निम्मे दमते. सुरुवातीला रंकाळ्याचा सपाट काठ उत्तम, मात्र रविवारची संध्याकाळ सोडून. पन्हाळा गड असला तरी गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे तो वाटतो तेवढा अवघड नाही. वाऱ्यासाठी शाल आणि कानटोपी मात्र हवी. जोतिबाला पायऱ्या आहेत, नरसोबाच्या वाडीला घाट आहे आणि पावसाळ्यात तिथे पाणी मंदिरात येते, तेव्हा ही दोन्ही ठिकाणे या यादीत धरू नयेत. अंबाबाईला जायचेच असेल तर मंगळवार, शुक्रवार, नवरात्र आणि नोव्हेंबर व जानेवारी-फेब्रुवारीतला किरणोत्सव टाळावा.

जिथे जायचे तिथे आधी फोन करून "खुर्ची आत येईल का" असे विचारू नये. त्यावर "येईल की, आम्ही उचलू" असे प्रेमळ आणि निरुपयोगी उत्तर हमखास मिळते. पायऱ्या किती, त्यांची उंची किती आणि स्वच्छतागृहाचे दार किती इंच रुंद, असे विचारावे. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे केवळ सहा इंचांच्या पायरीलाही सहा फुटांची फळी लागते. दुकानापुढे टाकलेला दोन फुटी उतार हा उतार नव्हे, तो सापळा आहे. खुर्चीची रुंदी चाकांवरच्या कड्यांसकट घरीच मोजून ठेवावी.

आता गाडी. सीएनजीच्या गाडीत डिकीची जागा बहुधा टाकीनेच व्यापलेली असते, त्यामुळे घडी केलेली खुर्चीही मागच्या सीटवर ठेवावी लागते, आणि ती तिथे मावावी म्हणून तिच्या पायपट्ट्या, म्हणजे फूटरेस्ट, काढाव्या लागतात. त्या काढून जिन्याजवळ भिंतीला टेकवल्या जातात आणि तिथेच राहतात. गेल्या खेपेस रंकाळ्यावर पोचल्यावर हे आमच्या ध्यानात आले. पायपट्ट्यांशिवाय खुर्ची पुढे ढकलता येत नाही: पाय जमिनीला घासतात, खुर्चीखाली ओढले जातात आणि बसलेले माणूस तोंडावर पडू शकते. मावशींनी आपली ओढणी आत्याबाईंच्या पोटऱ्यांखालून घेऊन दोन्ही हातांनी पाय वर धरून पाहिले. पण वीस पावलांत फरशीला घासून चपलेचा पुढचा भाग पांढरा झाला आणि आम्ही परत फिरलो. म्हणून काढलेल्या पायपट्ट्या पिशवीत घालून ती पिशवी खुर्चीच्या आधी गाडीत ठेवावी. आधी पायपट्ट्या, मग खुर्ची. घरात कोणी "मी ठेवतो" म्हटले तरी स्वतः हात लावून पाहावे.

मावशींशी आदल्या दिवशी बोलून घ्यावे, निघताना दारात नव्हे. त्या गप्पांसाठी, वाचून दाखवण्यासाठी, हाताला धरून बसण्यासाठी येतात; माणसाला गाडीत उचलून बसवणे हे त्यांचे एकटीचे काम नव्हे आणि त्यांच्या पाठीचीही काळजी घ्यावी. ते दोघांचे काम आहे, म्हणून घरातले एक माणूस सोबत हवे. उंबरा आला तर मागची मूठ दाबून पुढची लहान चाके उचलावीत, उतारावर खुर्ची उलटी फिरवून मागच्या मागे उतरवावी आणि गाडीत बसवताना ब्रेक लावलेला असावा, हे त्यांना अंगणात एकदा करून दाखवावे. त्याच वेळी पायपट्ट्या काढणे-बसवणेही त्यांच्याकडूनच करून घ्यावे. खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत त्या बसलेल्या नसतात. त्यांच्या जेवणाचा आणि परतीच्या वेळेचाही विचार आपणच करायचा. आणखी एक: मिसळवाला किंवा तिकीटवाला आत्याबाईंबद्दल मावशींना विचारू लागला, तर मावशींनी उत्तर न देता प्रश्न आत्याबाईंकडे वळवावा. आत्याबाईंचे पाय थकले आहेत, डोके नाही.

पाण्याबाबत हट्ट धरावा. लघवीला जावे लागू नये म्हणून ही पिढी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दुपारी चक्कर येते. लघवीची गोळी सुरू असल्यास तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, आपल्या मनाने चुकवू नये. जादा साडी, डायपर, प्लास्टिकचे कापड, दुपारची औषधे आणि औषधांची चिठ्ठी सोबत घ्यावी; दोन फोन क्रमांक कागदावर लिहून मावशींच्या पर्समध्ये ठेवावेत, कारण मोबाइल बंद पडतो. टोपी, छत्री, बिस्किटे हे कोणीही घेतेच.

उन्हाळ्यात सकाळी साडेआठला निघून साडेअकरापर्यंत घरी यावे. जुलै-ऑगस्टमध्ये निघूच नये.

परतताना सगळे दमलेले असतात, तेव्हा खुर्ची घडी करण्याआधी पायपट्ट्या पिशवीत गेल्या का ते पाहावे. वाहनतळावर राहिल्या तर जोडी मिळायला दुकाने पालथी घालावी लागतात. घरी आल्यावर चाके पुसावीत आणि आत्याबाईंना तासभर आडवे होऊ द्यावे. मावशींना उशीर झाला असेल तर जादा पैसे त्याच दिवशी द्यावेत आणि रिक्षाही आपणच करून द्यावी.