गोड पदार्थांच्या कॅलरी नेमक्या कशा मोजाव्यात: मोजमाप पातेल्यातच करा

"एक वाटी बासुंदी, अमुक कॅलरी" असा तक्ता कुठेही दिसला तर सरळ पुढे जा. कोणाची वाटी? माझ्याच घरात आमटीची, लोणच्याची आणि पाहुण्यांसाठी काढायची अशा तीन मापांच्या वाट्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी सगळ्यात लहानीच्या दुप्पट आहे. बासुंदी किती आटवली, साखर कोणाच्या हाताने पडली, दूध म्हशीचं की टोन्ड, यातलं काहीही त्या तक्त्याला ठाऊक नसतं. कॅलरी मोजायच्याच असतील तर गोडाच्या बाबतीत नीट मोजा, कारण भाजीत चार फोडी कमीजास्त झाल्या तर फारसं बिघडत नाही, पण साखर, तूप आणि आटवलेलं दूध यांत थोडीशी चूक म्हणजे जवळजवळ एका पोळीचा फरक.

मी हे कायम घरच्या सणावारांच्या स्वयंपाकात करते. त्यामुळे इथे लिहिलेली रीत ओट्यावर, घाईत, घरात माणसं असताना जमणारी आहे.

काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत पेलणारा घ्या. तो बरोबर आहे का हे बघायला मापाच्या भांड्याने अर्धा लिटर पाणी ओता. पाचशेच्या अगदी जवळ आकडा आला पाहिजे.

कच्च्या जिन्नसांचे आकडे पाकिटावर छापलेले असतात, तेच घ्या. सुटं सामान असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची अन्नघटक कोष्टकं वापरा. मात्र त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. त्या आकड्याला ४.१८४ ने भागलं की आपण रोज जिला कॅलरी म्हणतो ती किलोकॅलरी मिळते. न भागता तोच आकडा वहीत उतरवला तर साधा लाडूही चौपट भारी होतो. बाकी तोंडपाठ ठेवायचं तर एवढंच पुरे: साखर ग्रॅमला ४, तूप ग्रॅमला ९, रवा-बेसन साधारण साडेतीन ते चारच्या आत, काजू-बदाम सहाच्या आसपास.

तूप कधीही चमच्याने मोजू नका. थिजलेलं तूप पोह्याच्या चमच्यावर सपाट घेतलं तर दहा ग्रॅम, शिगोशीग घेतलं तर वीस. म्हणजे एकाच "चमच्यात" ९० किंवा १८० कॅलरी. त्यापेक्षा तुपाची बरणीच काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, हवं तेवढं तूप काढा आणि बरणी परत ठेवा. काटा उणे ३५ दाखवेल, तेवढं तूप कढईत गेलं. साखर, गूळ, खवा सगळ्याला हीच युक्ती. चिमूट-चिमूट करत काट्यावरच्या भांड्यात साखर टाकत बसू नका, कारण अनेक स्वस्त काटे इतकी हळू वाढणारी भर टिपतच नाहीत, आकडा आहे तिथेच राहतो. एकदम घाला किंवा बरणीवरून उणे मोजा.

तुपाचा एवढा बाऊ का, ते प्रसादाच्या शिऱ्यात दिसतं. रवा, तूप, साखर तिन्ही सव्वाशे ग्रॅम घेतलं तर रव्याच्या साधारण ४३८, साखरेच्या ५००, तुपाच्या ११२५. दूध-केळं बाजूला ठेवलं तर निम्म्याहून जास्त ऊर्जा एकट्या तुपाची. रव्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर ३५ कॅलरींचा प्रश्न आहे, तुपात तेच ९० होतात.

आता खरी अवघड पायरी. मी याच पायरीवर सर्वांत जास्त झगडले आहे आणि बहुतेक जण मोजणं सोडून देतात तेही इथेच. ती म्हणजे शिजल्यानंतरचं वजन.

कच्च्या सामानाची बेरीज करणं कोणालाही जमतं. पण ताटात कच्चं सामान येत नाही, येतो तयार पदार्थ. मधल्या काळात पाणी उडून गेलेलं असतं. कॅलरी उडत नाहीत, पाणी उडतं, म्हणून तयार पदार्थाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये आता जास्त कॅलरी असतात. किती जास्त, ते शेवटचं वजन घेतल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

बासुंदीच घ्या. फुल क्रीम दूध दोन लिटर; माझ्याकडच्या पिशवीवर १०० मिलीला ८७ असतं, म्हणजे १७४०. साखर दीडशे ग्रॅम, ६००. चारोळी, बदाम, पिस्ते मिळून तीस ग्रॅम, १८०. एकूण २५२०. आटवण्यापूर्वी हे सगळं मिळून साधारण २२४० ग्रॅम भरतं. कोणी २५२० ला २२४० ने भागलं तर ग्रॅमला जेमतेम सव्वा कॅलरीच्या आत उत्तर येतं आणि १२० ग्रॅमची वाटी १३५ कॅलरींची वाटते. पण दूध निम्म्यावर आलं आणि तयार बासुंदी ११५० ग्रॅम भरली, तर ग्रॅमला २.१९ आणि तीच वाटी २६३ ची. तुमच्या सासूबाईंना अजून दाट लागते म्हणून ती १००० ग्रॅमवर आणली, तर वाटी ३०२ ची. जिन्नस तेच, माप तेच, फरक फक्त गॅसवर किती वेळ होती याचा. अशा पदार्थाला नेटवर शोधलेला एकच आकडा कसा काय लागू पडणार?

म्हणजे शेवटचं वजन घ्यायचं, हे ठरलं. ते घेता का येत नाही? कारण पदार्थ जाड बुडाच्या कढईत असतो, कढईचं वजन कोणी आधी केलेलं नसतं, आणि तयार झाल्यावर सगळं दुसऱ्या भांड्यात ओतून मोजायचं म्हटलं की खरवड कढईतच राहते, भांडी दुप्पट होतात आणि बाहेर पानं वाढलेली असतात. काट्यावरचं शून्याचं बटण इथे उपयोगाचं नाही. बरेच काटे दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होतात, आणि बासुंदी तासभर आटते.

यावर उपाय एकच आणि तो आजच करून ठेवा. घरातली जी जी भांडी गोडासाठी निघतात, ती सगळी रिकामी, कोरडी, झाकणाशिवाय एकदाच तोला आणि आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्या दारावर "पितळी पातेलं १६४०, लोखंडी कढई २२१०, मोदकपात्राची चाळणी ३८५" असं लिहिलेलं आहे. मग पदार्थ झाला की भांड्यासकट तोलायचा आणि दारावरचा आकडा वजा करायचा. झारा किंवा डाव आत राहिला असेल तर आधी काढा. तो विसरला तर शंभर-दीडशे ग्रॅम फुकट वाढतात आणि वाटी उगाच हलकी दिसते.

गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट काट्यावर ठेवू नका, हे मी बजावून सांगते. प्लॅस्टिकचा काटा वितळतो, काचेचा तडकू शकतो, आणि काहीच झालं नाही तरी खालच्या उष्णतेने आकडा सरकत राहतो. आधी काट्यावर पोळपाट किंवा जाड लाकडी फळी ठेवा, शून्य करा, मग भांडं. मोठं भांडं छोट्या काट्यावर ठेवलं की आकडा झाकला जातो, त्यावरही पोळपाटच कामाला येतो: तो थोडा उंच असल्याने खालून वाकून वाचता येतं. पातेलं आणि बासुंदी मिळून पाच किलोंच्या वर जात असेल तर दोन भांड्यांत विभागून तोला. ताणून बघू नका, काटा बिघडतो.

वजन घ्यायची वेळ वाढायच्या थोडं आधीची. शिरा झाकण काढून ठेवला तर वाफ जात राहते, बासुंदी गार होईपर्यंतही थोडी कमी होते. आणि तोलल्यावर, वाढण्यापूर्वी, तळापासून नीट ढवळा. शिऱ्याला तूप सुटून कडेला आलेलं असतं, चारोळ्या वर तरंगत असतात. न ढवळता वरचा डाव घेतला तर हिशोब एकाचा आणि वाटी दुसऱ्याची.

एवढं झालं की वाटीचा प्रश्न मिटतो. रिकामी वाटी काट्यावर, शून्य, बासुंदी ओता, ग्रॅम गुणिले २.१९. वाटी कोणतीही घ्या.

नगावर मोजायच्या गोडाला यातलं काही लागत नाही. पाण्याला कॅलरी नसतात, म्हणून बेसनाचे लाडू, मोदक, वड्या यांत एकूण बेरीज भागिले नग, संपलं. अट एकच: नग सारखे हवेत. सारणाचे गोळे तोलून करा. पुरणपोळीतही पुरणाचा आणि कणकेचा गोळा तोलला की पोळीचा आकडा पक्का. वरची तुपाची धार मात्र वेगळी धरा, मोदक फोडून त्यावर सोडतात तीसुद्धा. ती बरणीवरून उणे मोजा.

तळणीच्या आणि पाकातल्या गोडात दोन चोर आहेत: तळताना शोषलेलं तूप आणि मुरताना शोषलेला पाक. दोन्ही मोजता येतात. तळणीची कढई तुपासकट आधी तोला, तळून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि परत तोला. जेवढं कमी झालं तेवढं पदार्थात गेलं; कागदाला लागलेलं थोडंफार सोडून द्या. गरम तूप भरलेली कढई उचलून काट्यापर्यंत नेण्याची घाई कोणीही करू नये, दोन तासांनी आकडा तोच राहतो. पाकाचं असं: ६०० ग्रॅम साखरेचा पाक तयार झाल्यावर १००० ग्रॅम भरला, तर ग्रॅमला २.४ कॅलरी. गुलाबजाम मुरल्यावर झाऱ्याने निथळून काढले आणि पाक ६२० उरला, म्हणजे ३८० ग्रॅम आत गेला, ९१२ कॅलरी. पंचवीस गुलाबजाम असतील तर प्रत्येकी साधारण ३६ फक्त पाकाच्या. मुरताना भांडं झाकलेलं हवं, नाहीतर उडालेलं पाणीही गुलाबजामच्या नावावर चढतं. वाटीत वरून ओतलेला पाक वेगळा.

श्रीखंड घरच्या चक्क्याचं असेल तर टांगलेल्या फडक्यातून निथळलेलं पाणी फेकण्यापूर्वी मोजा. त्यात दुधातली बरीचशी साखर निघून जाते. मी १०० मिलीला २५ धरून दुधाच्या बेरजेतून वजा करते. विकतच्या श्रीखंडाच्या डब्यावर १०० ग्रॅमचा आकडा असतोच. फक्त डब्यावर "एक वाढप" म्हणून जे काही ग्रॅम दिलेले असतात त्यांवर जाऊ नका, पुरीबरोबर तेवढ्यावर कोणी थांबत नाही. वाटी तोला.

आइस्क्रीमबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ते मिलीवर विकलं जातं आणि कॅलरी बऱ्याचदा १०० ग्रॅमला छापलेल्या असतात. त्यात हवा घुसळलेली असते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे लिटरभर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे १०० मिलीचा कप ५५ ग्रॅमचाही असू शकतो. मिली आणि ग्रॅम एकच धरले तर तुम्ही स्वतःच्या नावावर जवळजवळ दुप्पट लिहिता. कुल्फीत अशी हवा नसते, त्यामुळे एवढ्याशा कुल्फीचा आकडा बघून दचकू नका.

हलवायाकडची मिठाई आणली तर घरी खोक्यातून काढून तोला, नगांनी भागा, आणि कॅलरींचा आकडा थोडा वरचाच धरा. लग्नाच्या पंगतीत काटा नेऊ नका. जिलेबी मोजून खा, बाकी अंदाज लिहा आणि शेजारच्याच्या ताटाकडे बघून आकडे सांगू नका. वाढत्या वयाच्या मुलांच्या पानाला तर हा हिशोब लावूच नये, आणि मोजण्यामुळे जेवणाची भीती वाटायला लागली असेल तर काटा कपाटात ठेवून डॉक्टरांशी बोला. मधुमेह असणाऱ्यांना कॅलरींपेक्षा कर्बोदकांचा आकडा जास्त महत्त्वाचा. रीत तीच, फक्त पाकिटावरची ओळ दुसरी.

उरलेल्या बासुंदीचं काय? फ्रीजमध्ये ठेवताना डब्यावर ग्रॅमचा भाव लिहून ठेवा, २.१९. दुसऱ्या दिवशी गारच खाल्ली तर तोच चालतो. पण गरम करायला परत गॅसवर चढवली, तर आधी आणि नंतर तोला: ५०० ग्रॅमची ४५० झाली असेल तर भाव २.१९ वरून २.४३ वर गेला. साय खरवडून एकाच वाटीत गेली असेल तर त्या वाटीचा हिशोब सोडून द्या, त्या दिवशी अंदाजाने पन्नास-साठ जास्त लिहा.