शिक्षकाचा ऑनलाइन वावर: काय टाकावं, कुठे शिकावं, काय सोपवून जावं

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य शासनाचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांत रुळला. मग ब्लॉग आले, यूट्यूब चॅनेल आले, आणि व्हॉट्सअ‍ॅप गट तर इतके झाले की परिपाठाच्या आधीच मेसेजचा ढीग पडलेला असतो. त्यातून शिकायलाही भरपूर मिळतं. पण शिक्षकाच्या पानावर जे दिसतं, त्यातलं बरंचसं त्याचं स्वतःचं नसतं. चेहरे मुलांचे, स्वाध्याय दुसऱ्या कुणाचा, इमारत आणि परिपत्रक शासनाचं. म्हणून काहीही टाकण्याआधी एवढंच विचारायचं: हे कुणाचं आहे?

आधी स्वतःचं नाव शोधा

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत आपलं नाव मराठीत आणि इंग्रजीत टाका, सोबत शाळेचं किंवा तालुक्याचं नाव जोडा. मोबाइल नंबरही शोधून बघा. प्रशिक्षणाची एखादी यादी नंबरसकट पीडीएफमध्ये पडलेली सापडू शकते. जुन्या फेसबुक पोस्ट सेटिंगमधून एकदम 'मित्रांपुरत्या' करता येतात. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅपला द्विस्तरीय पडताळणी लावा. तासाभराचं काम आहे.

खाती वेगळी करा

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत सूचना काढल्या. त्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक त्यात आले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, वैयक्तिक खात्यावर पदनाम, बोधचिन्ह, शासकीय इमारत मिरवू नका, गोपनीय कागद पुढे पाठवू नका, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, असा त्यांचा आशय आहे. टीकेबाबतची अट काहींना जाचक वाटते आणि त्यात तथ्य आहे. तरीही रात्री अकरा वाजता संतापून लिहिण्याआधी ती माहीत असलेली बरी. मत मांडायचंच असेल, तर संघटनेच्या निवेदनाचा रस्ता आहे.

मुलांचे फोटो

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि बालकाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? प्रवेशाच्या वेळी छापील फॉर्मवर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. पालक सभेत सरळ विचारा: 'फोटो गावाच्या गटात जाईल की यूट्यूबवर? किती दिवस राहील? नको असेल तर नको म्हणा, पोराला काही फरक पडणार नाही.' पालक ऊसतोडीला गेले असतील, तर मूल ज्यांच्याकडे आहे त्या आजी-आजोबांशी बोला आणि फोनवर आईबापालाही विचारा. तोवर फोटो बाहेर टाकू नका.

एखाद्या घराने नकार दिला, तर त्या मुलाला फोटोच्या वेळी बाजूला उभं करू नका. कोन बदला. मातीत राबणारे हात, वहीचं पान, फळ्याकडे तोंड केलेली डोकी यातूनही उपक्रम समजतो. गणवेशावरचं आणि मागच्या भिंतीवरचं शाळेचं नाव बघा. नाव, इयत्ता आणि चेहरा एकत्र देऊ नका. गुणपत्रक, आधार आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरल पोर्टलचे स्क्रीनशॉट कुठल्याच गटात नकोत. बालगृहातलं मूल असेल, तर त्याची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाखाली गुन्हा आहे.

आणि ते गणवेश वाटपाचे फोटो! हातात दप्तर धरून अवघडलेली चार पोरं, मागे हसणारे दाते. तसाच तो 'आधी वाचता येत नव्हतं, आता येतं' असा नावासकट व्हिडिओ. शिक्षकाची मेहनत खरी असते, पण ते पोर दहावीला जाईल तेव्हाही तो व्हिडिओ तिथेच असेल आणि मित्र तो शोधून काढतील.

शिकायचे गट निवडा

सगळ्या गटांत राहून शिकणं होत नाही. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक, आपल्या विषयाचा एक आणि जिल्ह्याबाहेरचा एक एवढे पुरतात. बाकीचे म्यूट करा किंवा सोडा. गटातून बाहेर पडणं म्हणजे अपमान नव्हे, कितीही जणांना तसं वाटलं तरी.

गटातून काय मिळतं ते प्रश्नावर ठरतं. 'वजाबाकीसाठी काही उपक्रम आहे का?' असं विचारलं की वीस पीडीएफ येतात, उत्तर येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'तिसरीची काही मुलं ५०२ − ३४७ चं उत्तर २४५ काढतात. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतात. दशक-एककाच्या काड्यांनी जमतं, वहीत जमत नाही. मधल्या शून्याचं कुणी काय केलं?' सोबत वहीचा फोटो, नाव कापून. असा प्रश्न वाचला की अनुभवी बाई-सर स्वतःहून फोन करतात. आणि सांगितलेलं वर्गात करून पाहिल्यावर काय झालं ते गटात येऊन लिहा, फसलं तरी लिहा. हे फार थोडे जण करतात.

दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव नको

पानाच्या तळाशी असलेलं 'निर्मिती: अमुक' कापून आपलं नाव चिकटवलेले स्वाध्याय सर्रास फिरतात. ही चोरीच आहे, आणि 'जसे आले तसे पुढे पाठवले' असं लिहून ती धुऊन निघत नाही. मूळ नाव राहू द्या, बदल केला असेल तर तसं लिहा. वर्गात शिकवण्यासाठी वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण तीच गोष्ट यूट्यूबवर जगासाठी टाकणं हा वेगळा मामला. चित्रपटगीतावर बसवलेलं स्नेहसंमेलनाचं नृत्यही त्यातच आलं.

तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, दोघांचा समान हेतू दिसल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. तरी गटाचे नियम वर्णनात लिहून ठेवा आणि वाईट पोस्ट दिसताच काढा. फक्त सूचना द्यायच्या असतील तर गटाऐवजी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा. त्यात पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

बदलीच्या आधी

शाळेचं यूट्यूब चॅनेल कुणाच्या जीमेलवर आहे? पुष्कळदा ते आधीच्या मुख्याध्यापकांच्या खासगी खात्यावर असतं, ओटीपी त्यांच्या बंद पडलेल्या सिमवर जातो आणि मुलांचे व्हिडिओ कुणालाच काढता येत नाहीत. शाळेच्या नावाने स्वतंत्र जीमेल काढा आणि यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांमध्ये किमान दोघांना ठेवा. बदलीचा आदेश आला की कार्यभाराच्या यादीत शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीखाली एक ओळ वाढवा: खाती, रिकव्हरी नंबर, गटांचे अ‍ॅडमिन. नव्या मुख्याध्यापकांच्या फोनवर एकदा लॉगइन होऊ द्या, रिकव्हरी नंबर बदलून घ्या, आणि मगच आपलं नाव काढा.