संत्र्याचा आंबिया बहार धरताना ताण कसा द्यावा

संत्र्याच्या झाडाला फुलण्याआधी विसावा लागतो. स्पेन किंवा कॅलिफोर्नियात तो हिवाळ्याच्या थंडीनेच मिळतो, म्हणून तिथल्या बागा वसंतात एकदाच फुलतात. विदर्भातली थंडी त्याला पुरेशी पडत नाही, त्यामुळे काटोल, वरुड, मोर्शीच्या पट्ट्यात ओलीत, म्हणजे बागेला पाणी देणे, बंद करून झाडाला विसावा द्यावा लागतो आणि त्यालाच आपण ताण म्हणतो. सिसिलीतले बागायतदारही लिंबाची झाडे ऐन उन्हाळ्यात तहानलेली ठेवून अवेळी फुलोरा आणतात. आपल्याकडे मात्र काळी जमीन ओल लवकर सोडत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

आधी बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, ठरवावा. आंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे ऑक्टोबरपासून तोडणीला येतात, म्हणजे कोवळी फळे सांभाळण्यासाठी एप्रिल-मेच्या उन्हात भरपूर पाणी लागते. विहीर तोवर साथ देणार नसेल तर आंबियाचा हट्ट सोडून पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार धरावा. एकाच झाडावर दोन्ही बहार घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने झाड खचते आणि फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात.

आंबियासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून ओलीत थांबवावे आणि वखराची हलकी पाळी द्यावी. अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात, त्यामुळे खोल मशागत करू नये. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे पुरतात, तर भारी जमिनीत दीड ते दोन महिनेही लागतात. तरीही दिवस मोजण्यापेक्षा पान पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुपारी मलूल झालेले पान रात्रीतून सावरत असेल तर ताण अजून बसलेला नाही. सूर्य वर येण्याआधी बागेत जावे. त्या वेळीही पाने निस्तेज, फिकट आणि किंचित वळलेली दिसली आणि झाडाची साधारण पाव हिस्सा पाने गळली, की ताण पुरा झाला. त्यापुढे एक आठवडासुद्धा ओढू नये. भारी जमिनीत पाने हिरवीगारच राहिली, तर क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढ रोखणारे रसायन लिटरमागे २ मि.ली. या प्रमाणात फवारण्याची शिफारस आहे.

ताण तोडणे हे ताण देण्याहून नाजूक काम आहे. आधी शेणखत, पूर्ण स्फुरद व पालाश आणि निम्मे नत्र आळ्यात, म्हणजे झाडाभोवतीच्या पाण्याच्या खाचेत, मिसळून घ्यावे. उरलेले नत्र फळे वाटाण्याएवढी झाल्यावर द्यावे. आळे दुहेरी असावे, म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही आणि डिंक्या या खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाला वाव मिळत नाही. पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलकेच असावे. त्यानंतर चार-पाच दिवसांनी चिंबवणी, म्हणजे दुसरे पाणी, द्यावी आणि मगच नेहमीच्या पाळ्या सुरू कराव्यात. पहिल्याच दिवशी आळी तुडुंब भरली, तर झाड फुलांऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फेकते आणि वर्षाची मेहनत पाल्यात जाते. ताणाच्या मधल्या काळात अवकाळी पाऊस झाला, तर लगेच ओलीत सुरू न करता पानांची स्थिती पुन्हा पाहून निर्णय घ्यावा.

तोडणीच्या वेळी रंगावर विसंबू नये. सालीवर नारिंगी रंग चढायला गार रात्री लागतात, त्यामुळे आंबियाचे फळ आतून गोड झालेले असतानाही साल हिरवट राहू शकते. म्हणून बागेच्या चारही कोपऱ्यांतली दोन-दोन फळे सोलून चव घ्यावी. फळ ओढून काढल्यास देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच सड लागते. कात्रीने देठाचा अगदी लहान तुकडा ठेवून ते कापावे. बांगलादेशाने २०१९ पासून आयात शुल्क वाढवत नेल्यामुळे आपला हा मोठा ग्राहक दुरावला आहे आणि बराच माल आता देशातल्याच लांबच्या बाजारांत पाठवावा लागतो. फळ मऊ आणि साल सैल असल्यामुळे त्या प्रवासात देठाशी फाटलेले एक फळ शेजारच्या फळांनाही नासवते, म्हणून अशी फळे पेटी भरण्याआधीच वेगळी काढून गावातच विकावीत.