टर्बो गाडी ताणण्याआधी (म्हणजे जोरात पळवण्याआधी): तयारीची यादी

ही तयारी किल्ली फिरवण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू होते. गाडी सपाट जागी लावा, बॉनेट उघडा आणि डिपस्टिक काढा. फडक्याने पुसून ती पुन्हा शेवटपर्यंत आत घाला, परत काढा आणि मग खुणा बघा. पहिल्यांदा बाहेर आलेली पट्टी वरपर्यंत माखलेली असते, तिच्यावरून काही ठरवू नका. काही गाड्यांत ऑइल गरम असताना मोजायचं असतं आणि काहींना पट्टीच नसते, तिथे मॅन्युअल सांगेल तसं करा. पातळी वरच्या खुणेजवळ हवी. जोरात ब्रेक मारताना किंवा वळणात संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल एका बाजूला धावतं, आणि ते मुळातच कमी असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो. खुणेच्या वर मात्र भरू नका, पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट त्यात आपटून फेस करतो.

पट्टीचा वासही घ्या. पेट्रोलचा स्पष्ट वास येतोय आणि पातळी मागच्या वेळेपेक्षा वाढलेली दिसतेय, म्हणजे ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे होतं, विशेषतः गाडी रोज थोडंच अंतर जाऊन बंद होत असेल तर. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन गाडी ताणायला नेऊ नका, आधी ते बदला. बदलताना कंपनीने सांगितलेला ग्रेडच घ्या. पेट्रोल टर्बोसाठी डब्यावर एपीआय या अमेरिकन संस्थेचा एसएन प्लस (२०१८), एसपी (२०२०) किंवा त्यानंतरचा दर्जा लिहिलाय का, तेही बघा. त्याचं कारण पुढे येईलच. कूलंटची पातळी आणि टायरमधली हवा हेही याच वेळी उरकून घ्या, दोन्ही थंड असतानाच बघायच्या गोष्टी आहेत.

आता स्टार्ट. ॲक्सिलेटरला पाय लावू नका. थंड इंजिन सुरुवातीला आपणहून जास्त आरपीएमवर चालतं, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा देत असतो. तो आवाज खाली बसेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट थांबा, सीटबेल्ट लावा, आरसे जुळवा आणि निघा. कडाक्याच्या थंडीत थोडं जास्त थांबायला हरकत नाही. पण दहा-दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवण्याची सवय खरोखर सोडून द्यावी असं मला वाटतं. आयडलवर इंजिनात उष्णता फार कमी तयार होते, थंड इंजिनाला इंधन जास्त मिळतं, आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली संपमध्ये जातं. म्हणजे इंजिन तापवायला म्हणून थांबायचं आणि झीज मात्र वाढवायची. जागेवर रेस देणं तर त्याहून वाईट.

हे सगळं टर्बोसाठी का करायचं, ते त्याच्या आत डोकावलं की पटतं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा, त्या दाबाला बूस्ट म्हणतात. टर्बोचा शाफ्ट बोटाएवढाही जाड नसतो आणि जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर, लहान टर्बोत दोन लाखांच्याही वर फेरे घेतो. एका टोकाला एक्झॉस्टचा वायू असतो, पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास. दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. मध्ये बहुतेक टर्बोंत बॉल बेअरिंगऐवजी साधे बुश, म्हणजे धातूच्या नळकांड्या, असतात आणि शाफ्ट त्यांच्यात ऑइलच्या थरावर तरंगतो. तो थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढाच. त्यासाठीचं ऑइल इंजिनातूनच एका बारीक नळीने येतं. ५डब्ल्यू-३० या ग्रेडचं ऑइल १०० अंशांना जितकं पातळ असतं, त्यापेक्षा ४० अंशांना पाच-सहा पट घट्ट असतं, २० अंशांना दहा पटींहून जास्त. थंड असताना ऑइल प्रेशर गेज भरपूर दाब दाखवतो, पण तो ऑइल घट्ट असल्यामुळे. त्याच वेळी पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह काही ऑइल परत सोडून देत असतो, आणि फिल्टरचा बायपास उघडला तर ऑइल न गाळताच पुढे जातं. अशा वेळी पूर्ण बूस्ट मागायचा नसतो.

म्हणून पहिले काही किलोमीटर पेट्रोल गाडी २००० ते ३००० आरपीएममध्ये आणि डिझेल त्याहून थोडी खाली ठेवा. ॲक्सिलेटर अर्ध्याच्या आत. बूस्ट गेज असेल तर काटा शून्याच्या वर जाऊ देऊ नका. मात्र हळू चालवायचं म्हणून वरच्या गिअरमध्ये १२००-१५०० आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढायला लावू नका. कमी फेरे आणि जास्त लोड असला की थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल टर्बोत मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, आणि त्या धक्क्याने पिस्टन फुटल्याची उदाहरणं आहेत. वर सांगितलेले ऑइलचे दर्जे हा प्रकार टाळण्यासाठीच्या चाचण्या घेऊन ठरवले आहेत. गिअर एक खाली ठेवा, इंजिन मोकळं फिरू द्या.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला की लोक पाय दाबतात. तो काटा पाण्याचा, म्हणजे कूलंटचा आहे. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो: कूलंट ७५ असो की १००, काटा मध्यावरच. निळा दिवा विझणं म्हणजे तर कूलंट फक्त कोमट झालंय, एवढंच. कूलंट ८५-९० ला पोचतं आणि त्याला रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा ऑइल अजून ५०-६० वर रेंगाळलेलं असू शकतं. त्यामुळे ऑइलचा वेगळा गेज नसेल तर मी हा हिशेब धरतो: काटा मध्यावर यायला जितका वेळ लागला, निदान तितकाच वेळ पुढे सौम्य चालवायचं. ओबीडी पोर्टला (गाडीतला तपासणीचा सॉकेट) लावायचा छोटा स्कॅनर मिळाला तर उत्तमच, अनेक गाड्यांत त्यावर ऑइलचं तापमान थेट दिसतं. बीएमडब्ल्यूच्या वेगवान एम मालिकेतल्या काही गाड्यांत टॅकोमीटरभोवती, म्हणजे आरपीएमच्या काट्याभोवती, दिवे असतात. इंजिन थंड असताना ते रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) खाली दाखवतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत ती वर सरकते. ही सोय प्रत्येक टर्बो गाडीत असायला हवी होती.

ऑइल ८० ला आलं की टप्प्याटप्प्याने वाढवा. आधी ४००० आरपीएमपर्यंत अर्ध्या पायाने दोन-चार वेळा, मग थोडं वर, आणि ९० च्या पुढे गेल्यावर पूर्ण. ॲल्युमिनियमचे पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये नीट बसायला हा वेळ लागतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन असतील तर इंजिन थंड असताना येणारी टकटक याच दरम्यान थांबते. गिअरबॉक्स आणि चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल तर गाडी चालल्याशिवाय तापतच नाहीत. सकाळी दुसरा गिअर अडत होता, तो आता लोण्यासारखा पडतोय का बघा. ब्रेक दोन-तीनदा मध्यम दाबून घ्या, टायरना काही वळणं मिळू द्या. मग रस्ता मोकळा आणि परवानगीचा असेल तर खुशाल पळवा. ऑइल १३० च्या वर चाललं तर मात्र पाय काढा.

मध्ये अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहिली तर पुन्हा काही किलोमीटर सौम्य चालवा. काट्यावरून ऑइल किती निवलंय ते कळत नाही.

परतीची तयारीही याच यादीत धरा. शेवटची काही मिनिटं बूस्ट न घेता चालवा. लगेच बंद केलं तर ऑइलचा प्रवाह थांबतो, तापलेल्या टर्बाइनची उष्णता बुशपर्यंत येते आणि तिथलं ऑइल जळून कोळशाचा थर बसतो. आजच्या बहुतेक टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, काहींचा विजेवरचा पंप इंजिन बंद झाल्यावरही चालतो, तरी सौम्य परतीची जागा ते पूर्णपणे घेत नाहीत. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या ऑटो स्टार्ट-स्टॉपचं बटण निघतानाच बंद करून ठेवा, नाहीतर पहिल्याच सिग्नलला तापलेला टर्बो ऑइलविना थांबतो. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना डिपस्टिक पुन्हा बघा, जोरात चालवल्यावर ऑइल थोडं खाल्लं गेलेलं असू शकतं.