व्हॅनिलिनची पावडर कोरडी टाकू नका

केकच्या मिश्रणात व्हॅनिलिनची, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या मुख्य घटकाची, पावडर थेट भुरभुरली, की वास कुठे उग्र, कुठे नावालाच, आणि एखादा घास चक्क कडवट लागतो. गार पाण्यात हे स्फटिक नीट विरघळतच नाहीत. साध्या तापमानाला 1 ग्रॅम व्हॅनिलिनसाठी जवळपास 100 मिलिलिटर पाणी लागतं. तेच पाणी 80 अंश सेल्सिअसला असेल, तर 16 मिलिलिटरमध्ये काम भागतं. म्हणून चिमूटभर पावडर आधी दोन चमचे कढत दुधात घाला, वाटीच्या तळाशी एकही पांढरा कण दिसेनासा होईपर्यंत ढवळा आणि मगच मिश्रणात ओता. गॅसवर शिजणाऱ्या पदार्थात मात्र गॅस बंद केल्यावरच घाला, नाहीतर वाफेबरोबर सुगंधही उडतो.

व्हॅनिलाच्या शेंगेतलं आणि कारखान्यातलं व्हॅनिलिन, रेणू एकच. 1874 साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी तो सूचिपर्णी झाडांतल्या कोनिफेरिन या पदार्थापासून बनवला. शेंगेच्या अर्कात त्याच्या जोडीला इतर कितीतरी सुगंधी घटक असतात, आणि तो भरलेला, खोल वास मला तरी नुसत्या पावडरीत कधीच मिळत नाही. पण पावडर अर्कापेक्षा कितीतरी तीव्र असते, तेव्हा अर्काचं माप तिला लावू नका.

डबी ओल आणि उजेडापासून जपा. हवेशी संयोग होऊन व्हॅनिलिनचं हळूहळू व्हॅनिलिक आम्ल होतं आणि वास मंदावतो. गडद काचेची, घट्ट झाकणाची बाटली उत्तम, आणि आत चमचा नेहमी कोरडाच घाला.