दोस्ताच्या चाकूवर घरीच नाव कसं कोरायचं

अंबडकडं माझ्या एका दोस्ताची मोसंबीची बाग आहे. कलमाचा चाकू त्याचा वेगळा, त्यानं तो दुसरं काहीच कापू देत नाही, पण रोजचा एक चाकू खिशात कायम असतो, ठिबकची नळी कापा, पोत्याची सुतळी तोडा, पाहुणा आला की मोसंबी चिरून द्या, सगळं त्याच्यावरच. धार लावून लावून त्या चाकूचं पातं पार काडी झालं होतं, म्हणून मी नवा घडीचा चाकू घेतला आणि त्याच्यावर नाव कोरून दिलं. मीठपाणी आणि बॅटरी, एवढ्यावर काम होतं. तुम्हाला पण करायचं असेल तर मी कसं केलं ते सांगतो.

आधी चाकू निवडताना बघा. पातं साधारण तीन इंचाचं घ्या, रोजच्या कामाला तेवढं लई झालं. बटन दाबलं की फटकन उघडणारा अजिबात घेऊ नका, नख लावून उघडायचा साधा घ्या. शस्त्र कायद्याच्या नियमात 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू हत्यारात धरतात, घरकाम-शेतीसाठी बनवलेले सोडून. पण छोटा असला तरी सभेला, मिरवणुकीला खिशात नेऊ नये, जमावबंदीसारखे पोलिसांचे आदेश असतात तेव्हा चाकू बाळगायलाही बंदी येऊ शकते. विमानात हातातल्या बॅगेत तर चालतच नाही. दोस्ताला देतानाच हे सांगून टाका. आणि पातं उघड्या स्टीलचं पाहिजे, काळा रंग चढवलेलं असेल तर हा प्रकार त्याच्यावर नीट होत नाही.

आता काही जण म्हणतील ट्रॉफीच्या दुकानात लेझरनं करून घे की. होतं, पण विचारून जा, कारण लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकवर चालणारी साधी सीओटू लेझर उघड्या स्टीलवर उमटत नाही, त्याला फायबर लेझर लागते. ग्राइंडरनं कोरायच्या फंदात पडू नका. पातं तापून निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं समजा, मग तिथं धार टिकत नाही. मीठपाण्याच्या पद्धतीत पातं तापतच नाही, म्हणून मला तीच पटली.

खरं काम अक्षरात आहे. इथं घाई करू नका. गाडीच्या नंबर प्लेटचे स्टिकर कापणारा रेडियमवाला प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो, त्याच्याकडं जाऊन नाव कापून घ्या, फक्त त्याला सांगा की मला अक्षरं नकोत, अक्षरांच्या जागी भोक असलेला स्टिकर पाहिजे. आम्ही दोस्ताला ‘सरकार’ म्हणतो, तेच घातलं. फॉन्ट जाड घ्या, रेघ निदान एक मिलिमीटरची आणि अक्षराची उंची सहा ते आठ मिलिमीटर, नाहीतर वेलांटी आणि अनुस्वार आधी जातात. ‘क’च्या पोटात जो छोटा तुकडा असतो तो पण स्टिकरवर राहिला पाहिजे, तो पडला की ‘क’चा नुसता डाग होतो, म्हणून वरून ट्रान्सफर टेप, म्हणजे तुकडे जागेवर धरणारी आणि स्टिकर चिकटवल्यावर काढून टाकायची टेप, लावूनच घेऊन या.

जागा कुठली? पात्याच्या पाठीकडं, मुठीजवळ. धारेकडं कोरलं तर दोन वर्षांत धार लावता लावता सहाणेवर नाव घासून जाईल. शिरोरेषा पाठीच्या बाजूनं ठेवा, म्हणजे धार खाली धरली की नाव सरळ वाचता येतं.

आता कोरायला बसा. आधी धारेवर जाड टेप गुंडाळा, नाहीतर ओल्या हातानं घसरून बोट कापतं. पातं साबणानं धुवा, कोरडं करा, मग नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. स्टिकर चिकटवा, कडा नखानं दाबून दाबून बसवा. मी आधी घरातल्या एका जुन्या चमच्यावर करून बघितलं होतं, तिथं कड नीट बसली नव्हती आणि आत पाणी शिरून सगळा ढग झाला, म्हणून सांगतो, पहिला प्रयोग चमच्यावरच करा. स्टिकरच्या आजूबाजूचं उघडं पातं पण टेपनं झाका.

अर्धा कप पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी चालते, किंवा जुन्या राउटरचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. घरातल्या लाइटची वायर थेट लावायचा विचारसुद्धा करू नका. अ‍ॅडॉप्टरची प्लस कुठली ते कळत नसेल तर दोन्ही टोकं एकमेकांना न लावता मीठपाण्यात बुडवा, जिथून जास्त बुडबुडे निघतात ती मायनस. प्लस वायर पात्याला लावायची, मायनस वायर कान साफ करायच्या काडीच्या कापसाला गुंडाळायची. उलटं झालं तर काहीच कोरत नाही.

कापूस मीठपाण्यात भिजवा, जरा निथळू द्या आणि अक्षरावर तीन ते पाच सेकंद टेकवा, उचला, परत टेकवा. फेस येईल, कापूस काळपट हिरवा पडेल. ते पात्यातलं झिजलेलं लोखंड असतं. कापूस घाण झाला की काडी बदला. मायनस वायरचं तांबं पात्याला थेट लागू देऊ नका. एकेका अक्षराला दोन-तीन मिनिटं द्या, नखाला खाच लागायला लागली की बास.

हे सगळं अंगणात नाहीतर गच्चीवर करा, हातमोजे घालून. मिठामुळं थोडा क्लोरीन वायू सुटतो, आणि स्टेनलेस असेल तर त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते अंगाला बरं नाही. उरलेलं पाणी झाडाला घालू नका, काड्या पिशवीत बांधून टाका, लेकरं आसपास नकोत.

स्टिकर काढला की लगेच खायचा सोडा पाण्यात कालवून त्यानं चोळा, मग भरपूर पाण्यानं साबण लावून धुवा, कोरडं करा. हे राहिलं तर अक्षरातूनच गंज धरतो, साधं लोखंडी पातं असेल तर रात्रीतून. अक्षरं करडी दिसतात, मला तशीच आवडली. काळी पाहिजे असतील तर खाचेत काळा ऑइल पेंट भरून वरचा पुसून घ्या. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पात्याला खोबरेलाचं बोट फिरवलं तरी चालतं, पण बिजागरीत खोबरेल नको, थंडीत गोठतं.

आमच्याकडं चाकू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी बांधावर ठेवला, त्यानं उचलला, उघडून नाव बघितलं, दोनदा अंगठा फिरवला, काही बोलला नाही. मग झाडाची एक मोसंबी तोडून त्याच चाकूनं चिरली आणि पहिली फोड मला दिली.