फ्रेझर वाचायचाय? आधी ॲडोनिसच्या कुंड्या बघा

"अमका देव मरतो नि परत उठतो, म्हणजे तो पिकाचाच देव" असलं काही वाचलंत की माल बहुतेक जेम्स फ्रेझरच्या दुकानातला असतो, म्हणजे जगभरच्या कथा नि विधींची तुलना करणाऱ्या ब्रिटिश अभ्यासकाच्या. त्याचं पुस्तक 'द गोल्डन बाऊ' १८९० ला दोन खंडांत आलं, वाढत वाढत बारा खंड झाले, आणि लेखक स्वतः केंब्रिजच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यातच. आजचे अभ्यासक त्याला जसाच्या तसा मानत नाहीत, पण लगेच रद्दीत घालू नका, वाचायची पद्धत बदला.

पहिलं म्हणजे देवांची लांबलचक यादी सोडा नि एकच धरा. ॲडोनिस घ्या, ग्रीक कथांतला ऐन तारुण्यात मरणारा देखणा पोरगा. अथेन्सच्या बायका ऐन उन्हाळ्यात मडक्यांत लेट्यूस, बडीशेप असं काहीबाही पेरायच्या, ती छपरावर चढवायच्या, कोंब झटपट यायचे नि तितक्याच झटपट करपायचे, मग ॲडोनिसच्या नावानं रडारड. आपल्याला लगेच नवरात्रातला घट आठवतो ना? थांबा, घसरायची जागा हीच. दिसायला सारखं म्हणजे अर्थही सारखा असं धरून फ्रेझरनं या कुंड्या पीक जोमात यावं म्हणून केलेला तोडगा ठरवला.

आता विचारा, खुद्द ग्रीक लोक काय म्हणायचे? प्लेटो म्हणतो, शहाणा शेतकरी आपलं चांगलं बियाणं असल्या कुंडीत घालणार नाही. म्हणजे त्यांच्या लेखी ही वाया गेलेली पेरणी! ग्रीक पुराणांचा अभ्यासक मार्सेल देतिएननं १९७२ मध्ये हाच धागा पकडून फ्रेझरला पार उलटा केला, ही शेती नाहीच, शेतीची उलटी बाजू आहे म्हणाला. मला पटतं, जरी तो जिथंतिथं परस्परविरुद्ध गोष्टींच्या जोड्या लावत बसतो.

मग पुराव्याचं वय बघा. ॲडोनिस जिवंत होतो हे ठळकपणे येतं ते ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या लुशियनच्या नावावरच्या पुस्तकात, इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात, प्लेटोनंतर पाचेकशे वर्षांनी. आणि "उठतो" म्हणजे नेमकं काय तेही तपासा, इजिप्तचा देव ओसायरिस उठतो खरा पण आपल्यात परत येत नाही, मेलेल्यांचा राजा होतो. अशीच एकेक वीट काढत धर्मांचा अभ्यासक जोनाथन स्मिथनं १९८७ मध्ये "मरून उठणारे देव" हा अख्खा गटच जवळपास मोडीत काढला.

पण स्मिथलाही तीच चाळणी लावा हं. सीरियात उगारित या प्राचीन शहराच्या जागी १९२९ पासून मातीच्या लिहिलेल्या पाट्या सापडत गेल्या, त्यात तिथला वादळाचा देव बआल मरतो आणि परत येतो, आणि त्यांच्याच जोरावर २००१ ला मेटिंगर या स्वीडिश अभ्यासकानं काही देवांपुरती ती थिअरी पुन्हा उभी केली.